वर्डची फाइल एवढी जड का होते?

20 पानांचा अहवाल, मधे सहा-सात फोटो, आणि फाइल 30 एमबीची! जीमेलची 25 एमबीची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. मग घाईघाईत परिच्छेद कापले जातात. त्याचा उपयोग शून्य.

संगणकात अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. पानाला 2,000 चिन्हं धरली, तरी 20 पानांचे होतात जेमतेम 120 केबी. शिवाय वर्ड 2007 पासूनची डॉक्सएक्स (.docx) फाइल ही मुळात झिप, म्हणजे आवळून बांधलेली फाइलच आहे, त्यामुळे मजकूर आणखी आवळला जातो. जेपेग फोटो मात्र आधीच आवळलेले असतात. झिपला तिथे फारसं काही करता येत नाही.

खात्री करायची तर फाइलची एक प्रत घ्या, नावाच्या शेवटचं .docx काढून .zip लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ नावाचं फोल्डर सापडेल. पानावर कोपरा ओढून इवलासा केलेला फोटो तिथे बहुधा भलामोठाच असतो. क्रॉप केलेला भागही सहसा शाबूत असतो! आधार कार्डाच्या फोटोतला नंबर क्रॉप करून लपवला असेल, तर समोरच्याला तो एका क्लिकमध्ये परत आणता येतो. मला फाइलच्या वजनापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. कागदावर 6 इंच रुंदीत तो 220 पीपीआयने (इंचाला 220 पिक्सेल) छापायचा, तर 1320 बाय 990 पुरतात. म्हणजे गरजेच्या नऊपट पिक्सेल आपण उगाच वाहतो.

उपाय वर्डमध्येच आहे. फोटोवर क्लिक करून ‘पिक्चर फॉरमॅट’मधलं ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा. फक्त याच फोटोला लागू करण्याची खूण काढा, क्रॉप केलेला भाग काढून टाकण्याची ठेवा. स्क्रीनवर वाचायचं असेल तर 150 पीपीआय भरपूर झालं.

एवढं करूनही फाइल फुगलेलीच राहिली, तर एक्सेलमधून आणलेले आलेख बघा. नुसता आलेख चिकटवला, तरी कधीकधी अख्खं वर्कबुक आत येऊन बसतं, त्यातल्या पगाराच्या शीटसकट. असा आलेख चित्र म्हणूनच पेस्ट करावा. सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट एम्बेड करण्याची, म्हणजे फाइलच्या आतच बसवण्याची खूण असेल, तर तीही तपासा.

फोटो आवळून फाइल सेव्ह करून बंद केली, की गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. म्हणून छापखान्यात द्यायची मूळ फाइल आधी वेगळ्या नावाने जपून ठेवा.