करप्याचं गणित

'एक काटक, अस्सल देशी वाण निवडा आणि सगळ्यांनी तोच लावा, रोगाची चिंता मिटली.' हा सल्ला हल्ली इतक्या खात्रीने दिला जातो, की त्याला उत्तर देणं भाग आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाटा करप्याने, म्हणजे बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवाच्या रोगाने, सडू लागला, तेव्हा तिथे संकरित बियाणं नव्हतंच. गरिबांच्या शेतांत मुख्यतः 'लम्पर' हा एकच वाण होता. बटाट्याच्या फोडी लावून लागवड होत असल्याने त्याचं प्रत्येक झाड जनुकांनी सारखंच. पुढच्या काही वर्षांत भूक आणि साथींनी सुमारे १० लाख माणसं गेली. यात राज्यकर्त्यांचा दोष मोठा होता, पण ठिणगी पडली ती एकसारख्या शेतांत.

आता गणित पाहा. पानावरच्या रोगाच्या एका डागातून असंख्य बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारे सूक्ष्म कण, उडतात. समजा, त्यांतून १० नवे डाग पडले. सहा पिढ्यांत डाग होतात १० लाख. शेतातली निम्मी झाडं त्या रोगाला दाद न देणाऱ्या वाणाची असतील, तर निम्मे बीजाणू वाया जातात. दर पिढीला १० ऐवजी ५ डाग, आणि सहा पिढ्यांनंतर फक्त १५,६२५. चौसष्टपट कमी! नाजूक झाड तेवढंच नाजूक आहे, बदलले ते त्याचे शेजारी. प्रत्यक्षात फरक इतका मोठा नसतो, कारण बरेच बीजाणू त्याच झाडावर पडतात. उलट, जे बीजाणू रोग लावू शकत नाहीत, तेही झाडाची संरक्षणयंत्रणा जागी करतात आणि मागून येणाऱ्या घातक बीजाणूंचं काम अवघड होतं.

चीनच्या युन्नान प्रांतात हजारो शेतकऱ्यांनी हेच केलं. भातावरचा करपा हा बटाट्याच्या करप्याहून वेगळा, बुरशीचा रोग; त्याला सहज बळी पडणारा चिकट भात त्यांनी त्याला दाद न देणाऱ्या संकरित भाताच्या ओळींमध्ये लावला. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २००० साली आलेल्या निष्कर्षांनुसार, चिकट भात एकटाच लावलेल्या शेतांच्या तुलनेत त्याच्यावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी आणि उत्पादन ८९ टक्क्यांनी जास्त होतं.

बीजाणू बांध ओळखत नाहीत. त्यामुळे कुणी काय पेरायचं, हे शेजाऱ्यांनी मिळून ठरवायला हवं. आणि दोन वाणांची नावं वेगळी असली, तरी त्यांचं प्रतिकारक जनुक एकच असेल, तर मिश्रणाचा उपयोग शून्य. सामुदायिक बीजबँकेत वाण किती, एवढंच मोजून भागणार नाही. कोणता वाण कोणत्या रोगाला बळी पडतो, ही नोंद प्रत्येक डब्यावर हवी.