अजून एक पीळ दिल्यानं हँडगार्ड का थांबत नाही

"सरकतोय ना? मग अजून एक पीळ दे." हा सल्ला नेमबाजीच्या रेंजवर जितक्या खात्रीनं मिळतो, तितक्याच खात्रीनं सायकलच्या दुकानातही मिळतो. रायफलच्या नळीभोवतीचं जे आवरण आपण पुढच्या हातानं धरतो, तो हँडगार्ड. तो पुन्हा पुन्हा एका अंगाला फिरत असेल, तर या सल्ल्यानं बहुतेक वेळा बोल्टचे आटे जातात आणि हँडगार्ड फिरायचा तो फिरतोच. कारण दोष पिळात नसतो. तो कुठे असतो हे कळण्यासाठी बोल्टकडे जरा वेगळ्या नजरेनं बघावं लागतं.

आजकालच्या बऱ्याच रायफलींचा हँडगार्ड म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पोकळ नळी. ती फक्त मागच्या टोकाला बॅरल नटवर, म्हणजे बॅरल (रायफलची नळी) रिसीव्हरला (रायफलच्या मुख्य सांगाड्याला) जोडणाऱ्या नटवर, चिर असलेल्या कड्यानं आणि बोल्टनी आवळलेली असते, पुढे बॅरलला कुठेही टेकत नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. हाताचा किंवा पट्ट्याचा दाब बॅरलवर आला तर ती किंचित वाकते आणि गोळी दुसरीकडे जाते. बॅरल मोकळी राहिली की तो प्रश्न मिटतो, पण मग हँडगार्डचा सगळा भार तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या एका पकडीवर येतो. पुढची माशी (नेम धरताना बघायचा उंचवटा) हँडगार्डवर बसवलेली असेल तर हिशेब असा होतो: माशी बॅरलच्या मध्यरेषेपासून ६० मिलिमीटर उंच, पुढच्या-मागच्या माशीत अंतर ४०० मिलिमीटर. हँडगार्ड फक्त १ अंश फिरला, तर माशी जवळपास १ मिलिमीटर बाजूला जाते आणि ५० मीटरवर गोळी सुमारे १३ सेंटिमीटर चुकते. एक अंश डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

आता बोल्ट. आपण त्याला खिळ्याचा भाऊ समजतो, पण प्रत्यक्षात तो स्प्रिंग आहे. आवळताना तो ताणला जातो आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पकड जी काही आहे ती या ताणात आहे. आकडे बघा. एम-५ चा (५ मिलिमीटर जाडीचा) ८.८ ताकद-दर्जाचा बोल्ट साधारण ६ न्यूटन-मीटरला (हे पिळाचं माप) आवळला की त्यात सुमारे ५,८०० न्यूटनचा ताण येतो, म्हणजे जवळपास ६०० किलो वजनाइतका. पण एवढ्या ताणाला तो किती लांबतो? पकडीत असलेली त्याची लांबी १० मिलिमीटर असेल तर फक्त ०.०२ मिलिमीटर. केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. ६०० किलोची सगळी पकड एवढ्याशा लांबण्यावर उभी आहे.

आणि इथेच गोम आहे. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांचा असतो. आवळल्यानंतर, आणि मग पहिल्या काही धक्क्यांनी, ती शिखरं चेपतात. बोल्टच्या डोक्याखाली, आट्यांमध्ये, हँडगार्ड आणि नटच्या मध्ये, सगळीकडे काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). मध्ये रंगाचा थर असेल तर तोही दबत राहतो. ही सगळी बेरीज ०.०१ मिलिमीटर झाली, तरी १० मिलिमीटरच्या बोल्टचं लांबणं अर्धं उरलं आणि पकडही अर्धी उरली. बोल्ट एक अंशही उलटा फिरलेला नसतो, पान्हा लावला तर घट्टच लागतो. तोच बोल्ट पकडीत ४० मिलिमीटर लांब असता, तर लांबणं ०.०८ मिलिमीटर झालं असतं आणि त्याच चेपण्यानं पकडीचा फक्त आठवा हिस्सा गेला असता. (दाबलेल्या भागांचं स्वतःचं आकुंचन मी इथे सोडून दिलंय, ते धरलं तर तोटा थोडा कमी दिसतो, दिशा तीच राहते.) म्हणून आखूड, जाड बोल्टपेक्षा लांब, सडपातळ बोल्ट पकड जास्त टिकवतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण नागपूरकरांच्या पायाखाली आहे. रूळ एकमेकांना आडवे छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक सगळे करतात, पण स्टेशनातून निघणाऱ्या रुळांच्या कडेला, काँक्रीटच्या स्लीपरवर बसलेली वाकडी लोखंडी क्लिप नीट बघा. रूळ ती धरून ठेवते. तिच्या मार्क-३ प्रकाराचं टोक ८५० ते ११०० किलोच्या जोरानं रुळाच्या पायावर दाबतं, आणि त्यासाठी ते सुमारे १३.५ मिलिमीटर वर उचललं गेलेलं असतं. बोल्टच्या ०.०२ मिलिमीटरसमोर १३.५! रबर पॅड अर्धा मिलिमीटर झिजला तरी क्लिपचा जोर चारेक टक्केच घटतो. दिवसरात्र मालगाड्या जातात आणि क्लिप धरून राहते, कारण तिच्याकडे झीज पचवायला लवचिकता आहे.

मग पिळाचं काय होतं? पान्ह्यावर लावलेल्या जोरापैकी ढोबळमानानं निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. त्यामुळे घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो. कोरड्या आट्यांना तेल लावून तेवढाच पीळ दिला तर ताण तिसऱ्या हिश्शानं वाढू शकतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे तिथेच उपटून येतात. तेच तेल हँडगार्ड आणि नटच्या मध्ये गेलं तर उलट होतं, कारण तिथे घर्षणच हवं असतं. खंडेनवमीला हत्यारांना तेलाचा हात फिरवून हळदकुंकू वाहतात. श्रद्धेनं करावं, पण त्या पकडीच्या जागेत तेल जाऊ देऊ नये. आणि निशाणा बिघडला की "नजर लागली" म्हणून लिंबू-मिरची बांधण्याआधी बोल्ट तपासावा. जाहिरातींतलं "विमानाच्या दर्जाचं ॲल्युमिनियम"सुद्धा तसंच: ६०६१ हा मिश्रधातू चांगला आहे, पण सायकलच्या फ्रेमलाही तोच वापरतात, आणि मिश्रधातूच्या नावानं पकड वाढत नाही.

दुसरा गैरसमज स्प्रिंग वॉशरचा. नागपूरच्या इतवारीत कुठल्याही हार्डवेअर दुकानात बोल्टबरोबर तो हातात ठेवतात. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हालचालीनं. दोन भाग बोल्टला काटकोनात पुढेमागे घसरले की आट्यांतलं घर्षण क्षणभर त्या हालचालीत खर्च होतं आणि बोल्ट स्वतःच्या ताणानं थोडाथोडा उलटा फिरतो. अशा हालचालीपुढे स्प्रिंग वॉशर जवळपास निरुपयोगी ठरतो. तो पकडीच्या अगदी थोड्या जोरालाच सपाट होतो आणि पुढे साधा वॉशर उरतो. आडवी घसरण होऊच न देणं, म्हणजे पुरेसा ताण, हाच उपाय.

आता आपलं ऊन. एसीच्या खोलीत २४ अंशांना जोडलेली रायफल मे महिन्याच्या दुपारी उन्हात पडली तर धातू ६० च्या पुढे सहज जातो. ३२ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा नट ४० अंशांच्या वाढीनं ०.०१५ मिलिमीटर फुगतो, त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम ०.०२९. फरक ०.०१४ मिलिमीटर, म्हणजे कडं ढिलं होतं. गोळीबार सुरू झाला की आधी नट तापतो आणि पकड वाढते. मागून ॲल्युमिनियम तापतं आणि ती पुन्हा घटते. असा श्वास घेता घेता पकड सरकत जाते.

दुरुस्तीचा क्रम यातूनच निघतो. आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं रिकामं असल्याची खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट सोडण्यापूर्वी रिसीव्हर, बॅरल नट आणि हँडगार्ड या तिघांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा (नट झाकलेला असेल तर बाजूच्या भोकातून) आणि रेंजवर थोडा सराव करून बघा रेघ कुठे तुटते. नट आणि रिसीव्हरमध्ये तुटली तर बॅरलच ढिली आहे. तिथेच थांबा, ते काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याचं. नट आणि हँडगार्डमध्ये तुटली तर पुढे चला.

हँडगार्ड काढून आतली बाजू बघा. काळी पूड आणि चकचकीत डाग दिसले तर तिथे बारीक घसरण चालू होती. दोन्ही पृष्ठभाग आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडे करा. मग नटला मार्करची शाई फासा, हँडगार्ड चढवून हलका आवळा, थोडा हलवा आणि काढा. शाई सगळीकडे पुसली गेली असेल तर बैठक चांगली. दोनच पट्ट्यांत पुसली गेली तर तेवढ्याच जागेवर पकड आहे, आणि आवळून ती सुधारत नाही. कड्याच्या चिरेकडेही बघा: बोल्ट आवळल्यावर फट पूर्ण मिटत असेल तर जोर नटवर न जाता फटीच्या कडांवर जातोय. अशा वेळी ०.०५ मिलिमीटर जाडीची शिमची (पातळ पत्र्याची) पट्टी नटभोवती पूर्ण वेढ्यानं लावतात, तुकडा लावत नाहीत. फिरू नये म्हणून दिलेले कान रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात का, तेही पाहा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात: कोरड्या बोल्टनी दोन-तीन वेळा पूर्ण आवळा आणि सोडा. शिखरं आत्ताच चेपू द्या, नंतर नकोत. त्यानंतर स्टीलची सरळ पट्टी रिसीव्हर आणि हँडगार्डच्या वरच्या रेल्सवर (खाचांच्या पट्ट्यांवर) ठेवून दोन्ही एका रेषेत आणा. प्रत्येक बोल्टच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब घाला. हा द्रव हवा नसलेल्या जागी धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो, म्हणून बाटलीत पातळ राहतो आणि आट्यांत जमतो. बोल्ट आलटूनपालटून आवळा: आधी २ न्यूटन-मीटर, मग ४, शेवटी निर्मात्यानं दिलेला आकडा. एम-५ च्या बोल्टला तो बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. गाडीच्या चाकांचा मोठा टॉर्क रेंच (पीळ मोजणारा पान्हा) इतक्या कमी आकड्याला भरवशाचा नसतो. २ ते १० चा छोटा हवा. अंदाजासाठी, ८ सेंटिमीटर लांब एलन कीच्या टोकाला सात किलोचा जोर म्हणजे साधारण साडेपाच न्यूटन-मीटर. बहुतेकांचं मनगट याहून बरंच जास्त लावतं.

चोवीस तास हात लावू नका. नंतर पुन्हा पीळ देऊन "बघू घट्ट आहे का" असंही करू नका, जमलेला थर तुटतो. नवी रेघ ओढा आणि सरावानंतर फक्त तिच्याकडे बघा. इतकं करूनही रेघ पुन्हा तुटली, तर नट आणि हँडगार्ड यांची मापंच जुळत नाहीत. तेव्हा दोन्ही एकाच निर्मात्याचे, जोडीनं बदलावे लागतात.