गर्भनिरोधकांचा योग्य वापर

नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी निवडलेले साधन त्याच्या नियमांप्रमाणे आणि वेळ न चुकवता वापरणे, याला गर्भनिरोधकांचा योग्य वापर म्हणतात. साधनाचे अपयश दोन प्रकारे मोजतात : नियम काटेकोर पाळल्यानंतरही येणारे आणि नेहमीच्या वापरातील चुका धरून येणारे. दोन संप्रेरकांची (हार्मोनची) मिश्र गोळी वर्षभर बिनचूक घेणाऱ्या १,००० स्त्रियांपैकी सुमारे ३ जणींना दिवस जातात. प्रत्यक्ष वापरात ही संख्या ७० च्या आसपास जाते. पुरुषांच्या निरोधबाबत हेच आकडे साधारण २० आणि १३० आहेत. तांबीचे दोन्ही आकडे मात्र १० च्या आत राहतात, कारण ती एकदा बसवली की रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यालाही आता शंभर वर्षे उलटून गेली. तरीही साधन हाती देणे आणि ते वापरायला शिकवणे यांतले अंतर पुरते मिटलेले नाही.

शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या मिश्र गोळीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या, लोहाच्या असतात. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतल्यास लगेच संरक्षण मिळते. त्यानंतर सुरुवात करायची असल्यास गर्भ नसल्याची खात्री करून पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागतो. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी आणि एक पाकीट संपले की खंड न पाडता दुसऱ्या दिवशी नवे सुरू करावे. नवरा गावी नाही म्हणून काही दिवस गोळ्या बंद ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. गोळीचा परिणाम त्या रात्रीपुरता नसतो, बीजांड बाहेर पडण्याची क्रिया ती सलग घेतल्यानेच थांबून राहते.

संप्रेरकांची एक गोळी विसरल्यास आठवताच घ्यावी, मग त्या दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक विसरल्यास आठवताच एक घ्यावी, आधीच्या चुकलेल्या सोडून द्याव्यात, उरलेल्या रोजच्याप्रमाणे चालू ठेवाव्यात आणि सात दिवस निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली, तर संप्रेरकांच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या न घेता थेट नवे पाकीट सुरू करावे. संप्रेरकांच्या २१ गोळ्यांपैकी सुरुवातीच्या किंवा शेवटच्या चुकणे अधिक धोक्याचे असते, कारण त्यामुळे संप्रेरकाविना जाणारे सात दिवस आणखी लांबतात. लोहाची गोळी चुकली, तर गर्भनिरोधात फरक पडत नाही. दिवस गेल्यावर बाईलाच बोल लावला जातो; पण चुकलेल्या गोळीचे काय करायचे हे तिला पाकीट देताना कोणी समजावले होते का, हे आधी विचारले पाहिजे. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाल्यास दुसरी घ्यावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) काही औषधांमुळे गोळीचा प्रभाव कमी होतो, म्हणून चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. उच्च रक्तदाब असलेल्या, पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या किंवा सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना सहसा ही गोळी देत नाहीत.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या सेंटक्रोमन या औषधाची ‘छाया’ ही गोळी स्तनपान देणाऱ्या मातेलाही चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, ठरलेल्या वारीच घ्यावी लागते. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी देतात. टोचलेली जागा चोळू किंवा शेकू नये, कारण त्यामुळे औषध लवकर शोषले जाते.

निरोध प्रत्येक संबंधाच्या वेळी नवा आणि सुरुवातीपासून वापरावा. पाकिटावरील मुदत पाहावी, टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि संबंधानंतर लगेच कडा धरून तो काढावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास रबर कमजोर होऊन फाटते. लैंगिक संसर्गापासूनही संरक्षण देणारे साधन हेच, त्यामुळे गोळी चालू असतानाही त्याची गरज पडू शकते.

निरोध फाटल्यास किंवा साधनाविना संबंध आल्यास लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे. ही गोळी नेहमीच्या साधनाला पर्याय नाही आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

पुरुष नसबंदीनंतरही वीर्यात काही काळ शुक्राणू राहतात. म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. तोपर्यंत ती शस्त्रक्रिया परिणामकारक झाली असे धरता येत नाही.