कडबा गेला, वखर गेला : विदर्भातल्या दसरा-दिवाळीच्या मशागतीची पार्श्वभूमी

दसऱ्याच्या आसपास वाशीम, अमरावती, यवतमाळकडच्या कुठल्याही आडरस्त्यानं रात्री जा, शिवारात ट्रॅक्टरचे दिवे फिरताना दिसतील. एका वावरात थ्रेशर सोयाबीन काढत असतो. शेजारच्यात कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, बाजूला सारून रोटाव्हेटर चाललेला असतो. त्याच्या पलीकडे हरभऱ्याची पेरणी उरकत आलेली असते. आठ-दहा दिवसांत एक पीक काढायचं, रान तयार करायचं आणि दुसरं पेरायचं. नव्या पिढीला वाटतं, आश्विन-कार्तिक असाच असतो. पण ही धावपळ जेमतेम तीस-चाळीस वर्षांची आहे. त्याआधी या दिवसांत शेतात वेगळं काम चालायचं, आणि त्या कामामागचा विचारही वेगळा होता.

तो विचार या मातीतून आला. विदर्भाची काळी कन्हार जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्यातली चिकणमातीच तशा जातीची आहे. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. पावसाळ्यात पोटात घेतलेली ओल ही जमीन महिनोन्‌महिने धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. तोटा असा की पाऊस थांबून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की वरचा थर तडकतो आणि त्या तडांतून खालची ओलही उडते. त्यामुळे ओलीताची सोय नसलेल्या शेतकऱ्यापुढे आश्विनात एकच प्रश्न असायचा, ही ओल झाकायची कशी.

त्यावरचा उपाय होता वखर. नांगर माती फाडून उलथतो. वखराची आडवी लोखंडी पास मात्र दोन-तीन बोटं खोल जाऊन वरचा पापुद्रा कापत सरकते. तण मुळाशी कापलं जातं, भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचं पांघरूण तयार होतं. खालून वर चढणारी ओल त्या थराशी येऊन थांबते. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतीची पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलं आहे की इथला शेतकरी दरवर्षी नांगर धरत नाही, त्याचं मुख्य अवजार वखर आहे. काहींना तो आळस वाटला. माझ्या मते तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला शहाणपणा होता, कारण ओल्या आश्विनात काळ्या जमिनीला खोल नांगर घातला तर विटेएवढी ढेकळं निघतात आणि साठलेली ओल चार दिवसांत हवेत जाते. नांगरटीचा काळ चैत्र-वैशाख, म्हणजे उन्हाळवाहीचा. उन्हानं तापलेली ढेकळं पहिल्या पावसात आपोआप फुटायची.

नागपूर-वर्धा भागात गहू आणि जवस ही मोठी पिकं होती त्या काळात तर काही वावरं पावसाळाभर मोकळी ठेवत. उघडीप मिळाली की वखराची एक पाळी, परत पाऊस, परत पाळी. हस्ताचा पाऊस संपेपर्यंत रान स्वच्छ आणि पोटभर ओलं असायचं, मग कार्तिकात पेरणी. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ही रीत फार उशिरापर्यंत टिकली, कारण तिथं विहिरीचं पाणीच खारट. हरभरा उगवणार तो जमिनीतल्या ओलीवर, दुसरा आधार नाही. माझे आबाजी सांगायचे, दिवाळीआधीची एक पाळी म्हणजे अर्धं पाणी. आकडा तपासायला माझ्याकडे साधन नाही, पण त्या पाळीसाठी बैलांना पहाटे चारलाच दावणीतून सोडलं जायचं, हे मी पाहिलेलं आहे.

वखराला एक शत्रू होता, कुंदा आणि कांस. ही गवतं खोल मुळ्यांची, पास वरून कापून गेली तरी खालून परत फुटणारी. शेत एकदा त्यांच्या ताब्यात गेलं की जड नांगर आणि तीन-चार बैलजोड्या लागायच्या, आणि ते लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं असायचं. त्यामुळे लोखंडी नांगर आल्यावर तो या भागाला हवासा वाटायला हवा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात पहिला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन बिघडते या समजुतीमुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे मात्र तो महाराष्ट्रभर पसरला. स्वातंत्र्यानंतर कांसाविरुद्धची लढाई सरकारनं हाती घेतली. १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये शेती-यंत्रांसाठी जागतिक बँकेनं भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यामागे मध्य भारतातला कांस काढणं हा मोठा हेतू होता. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, पण ते काम मुख्यतः उत्तरेकडच्या जिल्ह्यांत झालं. आपल्याकडे वखर आणि बैलच राज्य करत राहिले.

या सगळ्याच्या आधीच पिकांची मांडणी बदलली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८९० नंतर गव्हावर तांबेरा आणि पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. गव्हाचा भरवसा उडाला आणि कापूस-ज्वारी पुढे आली. कापूस फेब्रुवारीपर्यंत उभा, देशी ज्वारी मार्गशीर्षात निघणारी. म्हणजे विदर्भाच्या मोठ्या भागात आश्विन हा मशागतीचा महिनाच राहिला नाही. तो जागलीचा, कापूस वेचणीचा, ज्वारीवरची पाखरं हाकलण्याचा महिना झाला. वखर निघायचा तो उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर, पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून.

१९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि हे घड्याळ पुढे सरकलं. शंभर-एकशे दहा दिवसांत पीक तयार, उतारा दणदणीत. पण ते पिकायचं नेमकं परतीच्या पावसात. कणसं काळी पडायची, भाव मिळायचा नाही, आणि बुटक्या ताटाचा कडबा जनावरांना कमीच पुरायचा. त्यातच सोयाबीन आलं. १९८० नंतर ते मध्य प्रदेशाकडून विदर्भात पसरू लागलं. जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण १९९४ मध्ये आल्यावर तर शिवारंच्या शिवारं बदलली. साधारण शंभर दिवसांचं पीक, दसऱ्याच्या सुमारास हातात पैसा, आणि मागे ओल असलेलं रिकामं वावर. हरभऱ्यासाठी यापेक्षा चांगली संधी कोणती?

सोयाबीननं उत्पन्न दिलं, हे मी मनापासून मान्य करतो. पण त्यानं काय नेलं याची चर्चा कमी होते. ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, पण वर्षभर बैल त्यावर राखता येत नाहीत. वैरण विकत घ्यायची म्हणजे बैलजोडी परवडत नाही. त्यात गुढीपाडव्याला साल ठरवून राहणारा सालदार मिळेनासा झाला. बैल विकले गेले, पोळ्याला दारावर तोरण राहिलं पण खाली जोडी उरली नाही. बैल नाहीत म्हटल्यावर वखर कोण ओढणार? ट्रॅक्टर भाड्यानं बोलवायचा तर ट्रॅक्टरवाल्याकडे पंजी (दातेरी कल्टिव्हेटर) आणि रोटाव्हेटर. रोटाव्हेटर चांगला ठरला म्हणून वखर गेला, असं बरेच जण समजतात. मला ते पटत नाही. वखर गेला कारण त्याला ओढणारं कुणी उरलं नाही, आणि ते उरलं नाही कारण खायला कडबा उरला नाही.

रोटाव्हेटर मुळात ऑस्ट्रेलियातला. क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलानं १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले, त्यातून तो जन्मला. एका फेरीत धसकट चिरडलं जातं, माती बारीक होते आणि पेरणीला मऊ रान मिळतं. घाईत ही सोय मोठी आहे. पण काळ्या जमिनीत चार-पाच इंचांवर फिरणारं पातं वरची माती पीठ करतं आणि खालचा थर, विशेषतः रान ओलं असताना, लिंपल्यासारखा दाबतं. दरवर्षी त्याच खोलीवर फिरलं की तिथं कडक तवा तयार होतो. हरभऱ्याचं मूळ ओलीच्या मागे खाली जाऊ पाहतं, त्याला तो तवा आडवा येतो. वरच्या पिठावर एक अवकाळी सर पडली की पापडी धरते आणि कोंब अडकतो. शिवाय उलथलेली ओली माती वाऱ्याला लागते, म्हणजे जी ओल झाकायला आश्विनाची पाळी होती, तीच ओल आपण फेकून देतो. घाई एवढी की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला की नाही हेही नीट पाहिलं जात नाही. ट्रॅक्टरचा नंबर आज लागला म्हणून चिखलातही फेरी होते, आणि त्याची किंमत पुढच्या खरिपापर्यंत मोजावी लागते.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. हैदराबादजवळच्या पाटंचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची (बीबीएफ) पद्धत विकसित झाली, जास्तीचं पाणी सरीत उतरावं आणि वरंबा भुसभुशीत राहावा म्हणून. ती विदर्भाच्या शिवारात मोठ्या प्रमाणावर आली ती फार उशिरा, बीबीएफ पेरणी यंत्रामुळे आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेती प्रकल्पासारख्या योजनांमुळे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ भातासाठी तयार झालेलं एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) हे बिननांगरटीचं तंत्रही इकडचे काही शेतकरी वापरून पाहत आहेत. सोयाबीन जमिनीलगत कापायचं, मुळं तशीच राहू द्यायची आणि त्याच वरंब्यावर हरभरा टोकायचा. मशागत शून्य, ओल जागच्या जागी.

भंडारा-गोंदियाच्या माणसाला हे नवं वाटणार नाही. तिथल्या बांधीत (भाताच्या बांधबंदिस्त वावरात) धान उभं असताना, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, लाखोळी या कडधान्याचं बी चिखलावर फेकायचं आणि धान कापलं की ती वर यायची, ही उतेऱ्याची रीत जुनीच आहे. लाखोळीवर पुढे खूप वाद झाला, १९६१ मध्ये केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदी घातली. पण नांगराशिवाय दुसरं पीक घेण्याचं ते गणित बिनचूक होतं.

आमच्या गावच्या लोहारानं दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरला जोडायचा वखर बनवून दिला. पास जुन्यासारखीच, फक्त रुंद, आणि खोली बांधून ठेवायला बाजूला दोन चाकं. सोयाबीन उचललं त्याच दिवशी तो फिरवला, दोन बोटं खोल. तीन दिवसांनी हरभरा पेरताना वरची माती बाजूला सारली, खालची मूठ दाबून पाहिली. लाडू वळत होता.