गाऊटचा स्फटिक, हृदयरोगाची सायटेशन्स

मार्च २००६ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात जेमतेम पाच पानांचा एक शोधनिबंध आला. विषय होता गाऊट. पायाचा अंगठा रातोरात सुजून लालबुंद होतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तोच हा विकार. निबंध स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या युर्ग चॉप या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आला होता. त्यानंतर आपल्या निबंधात त्याचा हवाला देणाऱ्यांची, म्हणजेच त्याच्या सायटेशन्सची, संख्या हजारांत गेली. गाऊटवर काम करणारे एवढे संशोधक जगात आहेत तरी कुठे? नाहीतच. हवाला देणाऱ्यांत हृदयरोग, मधुमेह, अल्झायमर, फुप्फुसाचे विकार अशा क्षेत्रांतली माणसं आहेत.

हे असं का झालं, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

माणसाच्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात युरिक ॲसिड फोडणारं एक विकर गमावलं. त्यामुळे आपल्या रक्तात ते इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा जास्त असतं. डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पूर्ण विरघळून राहू शकत नाही. गार जागी ही मर्यादा आणखी खाली येते, आणि पायाचा अंगठा तसा गारच असतो. तिथे सुईसारखे बारीक स्फटिक साचतात. १९६१ मध्ये फिलाडेल्फियात डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी रुग्णांच्या सांध्यातलं पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून हे स्फटिक ओळखून दाखवले. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी तेच स्फटिक चक्क स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत गुडघे सुजले, वेदना असह्य झाल्या. आजच्या कुठल्याही नीतिमत्ता समितीने या प्रयोगाला परवानगी दिली नसती, पण गुन्हेगार स्फटिकच आहे याबद्दल शंका उरली नाही.

प्रश्न मात्र उरला. स्फटिक काही जंतू नव्हे. मग या निर्जीव कणावर शरीर एवढं तुटून का पडतं? चाळीसेक वर्षं याचं पक्कं उत्तर नव्हतं.

ते आलं ते आडवाटेने. २००१ मध्ये अमेरिकेत हॅल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचं मूळ शोधलं. त्या कुटुंबांतल्या माणसांना नुसती थंडी लागली तरी ताप येई, पुरळ उठे. बिघाड सापडला एका जनुकात, आज त्याला एनएलआरपी३ म्हणतात. दुसरीकडे, २००२ मध्ये चॉप आणि फाबियो मार्तिनों यांनी पेशीच्या आत अनेक प्रथिनं एकत्र येऊन तयार होणारी एक यंत्रणा दाखवली आणि तिला ‘इन्फ्लमासोम’ हे नाव दिलं. ही यंत्रणा जमली की तिच्यातलं कॅस्पेज-१ हे विकर कात्रीसारखं चालतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा या रेणूचं निष्क्रिय रूप कापून त्याला कामाला लावतं. तो बाहेर पडला की श्वेतपेशींच्या झुंडी धावून येतात आणि सूज, लाली, ताप, ठणका असं सगळं सुरू होतं.

२००६ च्या निबंधाने हे दोन धागे गाऊटला जोडले. युरिक ॲसिडचा स्फटिक पेशीने गिळला की एनएलआरपी३ जनुकाचं प्रथिन जागं होतं आणि इन्फ्लमासोम जुळतो. ज्या उंदरांत या यंत्रणेचा एखादा भागच नव्हता, त्यांच्या पोटात स्फटिक सोडले तर श्वेतपेशींची गर्दी बरीच कमी झाली. मग लोझानमधलेच संधिवाततज्ज्ञ अलेक्झांडर सो यांनी, नेहमीची औषधं ज्यांना चालत नव्हती अशा दहा रुग्णांना इंटरल्युकिन-१ रोखणारं ॲनाकिन्रा दिलं. दहाच्या दहांना झपाट्याने आराम पडला. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरी दिशा स्पष्ट होती.

सायटेशन्सचा पूर आला तो याच्याही पुढे. २००८ मध्ये चॉप यांच्याच प्रयोगशाळेने सिलिका आणि ॲस्बेस्टॉसचे कणही हीच यंत्रणा पेटवतात असं दाखवलं. खाणकामगारांच्या फुप्फुसांचा आजार आणि सुखवस्तू माणसाचा अंगठा एका ओळीत आले! २०१० मध्ये दुसऱ्या गटाने कोलेस्टेरॉलचे स्फटिकही त्याच यादीत घातले, आणि हृदयरोगतज्ज्ञ खडबडून जागे झाले. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच रुग्णांत गाऊटचे झटके निम्म्याहून कमी झाले, रक्तातलं युरिक ॲसिड मात्र जसंच्या तसं राहिलं. मला या साऱ्या कहाणीतला सगळ्यात बोलका पुरावा हाच वाटतो: स्फटिकाचा कच्चा माल तेवढाच, फक्त ओरडणारा गप्प केला.

चॉप यांना ‘कँटोस’ पाहता आली नाही. २०११ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या डोंगरात भटकंतीवर असताना वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कॅनाकिनुमॅब हे महागडं औषध गाऊटच्या सामान्य रुग्णाच्या वाट्याला क्वचितच येतं. त्याला मिळतं ते कोल्चिसिन. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या, विषारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कळलावीतही ते असतं (म्हणून कुणी कंद उकरायला जाऊ नये, थोडाच जास्त डोसही जीव घेतो). आता हृदयविकारासाठीही त्याच्या कमी मात्रेला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे.

कोल्चिसिनने झटका शमतो, युरिक ॲसिडचा साठा तसाच राहतो. तो उपसायला ॲलोप्युरिनॉल लागतं, आणि ते बहुतेकदा वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. हे औषध १९६० च्या दशकातलं, स्वस्त, आणि आजच्या संशोधन नियतकालिकांत फारसं चमकत नाही. गंमत अशी, की ते सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात, कारण साचलेले स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि इन्फ्लमासोमच्या हाती सापडतात. म्हणून डॉक्टर सोबत कोल्चिसिनचा लहान डोस देतात. ‘गोळीने त्रास वाढला’ म्हणत अनेक रुग्ण नेमकी याच काळात ती सोडून देतात.