‘बरं झालेलं कुणी आहे का?’

१ मे १९४५ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक छोटी जाहिरात आली. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारातून बरं झालेलं कुणी असेल तर कृपया रुग्णाशी संपर्क साधावा, एवढाच मजकूर. ती दिली होती सिल्व्हिया लॉरी यांनी, भाऊ बर्नार्डसाठी. डॉक्टरांकडे त्याच्यासाठी उपाय नव्हता. पन्नासहून जास्त पत्रं आली, पण आजारातून बाहेर पडल्याचं सांगणारं एकही नाही. पत्रं लिहिणारे सगळे लॉरींसारखेच आशेने वाट शोधत होते. त्यातूनच १९४६ मध्ये एक संघटना उभी राहिली. तीच आजची अमेरिकेतली नॅशनल एमएस सोसायटी.

तोवर आजाराला नाव मिळून पाऊणशे वर्षं उलटली होती. पॅरिसला मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये, मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत दिसलेल्या कडक चट्ट्यांवरून ते ठेवलं. नाव शवविच्छेदनाच्या टेबलावरचं; ज्याला आजार घेऊन जगायचंय, त्याला त्यातून काय बोध व्हावा? पुढची भाषाही डॉक्टरांनी आपापसात बोलण्यासाठीच घडवली. मज्जाविकारतज्ज्ञ कर्ट्झके यांची एमएसमधलं अपंगत्व मोजणारी ‘ईडीएसएस’ ही ० ते १० मोजपट्टीच घ्या. फाइलवर ‘ईडीएसएस ६’ लिहिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ असा, की शंभरेक मीटर चालायला काठीचा आधार लागतो. हे घरातल्या कुणालाही कळतं, तो आकडा मात्र कळत नाही.

रुग्णाला समजावून सांगण्याची खरी कसोटी लागली नॅटालिझुमॅब या एमएसवरच्या औषधाच्या वेळी. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं हे औषध तीन महिन्यांत थांबवावं लागलं. काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाला होता. मार्च २००६ मध्ये औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे रुग्ण स्वतः उभे राहिले. धोका आम्हाला समजलाय, तरी औषध हवं, असं त्यांनी सांगितलं. जूनमध्ये ते परत आलं, पण अटी घालून: रुग्णाची नोंदणी, आणि दर वेळी सलाइनमधून औषध देण्याआधी धोक्याची माहितीपुस्तिका हातात. रुग्णाला समजलं आहे की नाही, हे इथे उपचाराचाच भाग झालं. मला हे वळण फार मोलाचं वाटतं.

भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. मराठीत मात्र समजावून सांगण्याचं काम अजून बरंचसं नातेवाइकांवरच पडतं. एमआरआयच्या रिपोर्टमधला ‘लीजन’ वाचून कुणी गाठ समजतं आणि हादरून जातं. लीजन म्हणजे इथे चट्टा, एवढी एक मराठी ओळ रिपोर्टसोबत द्यायला काय हरकत आहे?