कन्कशन आणि सीटीई: नियम एकाचे, भीती दुसऱ्याची

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींवर काहीही वाचायला घ्या, कन्कशन (धक्का बसून मेंदूला होणारी इजा) आणि सीटीई (वर्षानुवर्षं वाढत जाणारा मेंदूचा आजार) हे दोन शब्द जोडीनेच भेटतात. त्यातून समज असा होतो की सीटीई म्हणजे कन्कशनचीच पुढची पायरी. कन्कशनकडे दुर्लक्ष झालं, तीन-चारदा झालं, की सीटीई होतो. आणि मुलाला वेळेवर बाहेर काढलं, पूर्ण बरा झाल्यावरच आत घेतलं, की प्रश्न मिटला. पण तो मिटत नाही. कन्कशनचे नियम अगदी चोख पाळूनही सीटीईचा धोका बराचसा तसाच राहू शकतो. हा फरक लक्षात घेतला नाही, तर कॉलेजांच्या सुरक्षा धोरणांनी नेमकं काय साधलं आणि काय राहिलं, हे कळणारच नाही.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून एकमेकांना अंगाने धडकण्याचा खेळ.

आधी कन्कशन. आपल्याकडे हा शब्द क्रिकेटमुळे ओळखीचा झाला. ३१ जानेवारी २०२५ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, त्याच्या जागी हर्षित राणा आला, तीन बळी घेऊन गेला, आणि बदली खेळाडू योग्य होता का यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला. डोक्याचं काय झालं, हा विषय त्या वादात मागेच पडला.

कन्कशन ही एका ठरावीक क्षणी झालेली इजा असते. डोक्याला किंवा अंगाला जोराचा धक्का बसतो, डोकं झटक्यात फिरतं, आणि कवटीच्या आतला मेंदू त्या गतीत पिळला जातो. चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेर असलेला पोटॅशियम, कॅल्शियमचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. बिघाड कामकाजातला असल्यामुळे सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो. बेशुद्ध पडणं हे तर थोड्याच जणांच्या बाबतीत घडतं. बाकीच्यांचं डोकं दुखतं, चक्कर येते, उजेड नकोसा होतो, आठवण गोंधळते, चिडचिड होते. हेल्मेटने कवटी फुटणं टळतं, पण आतला मेंदू पिळला जाणं हेल्मेट थांबवू शकत नाही.

हे सगळं तापदायक असलं तरी बहुतेक खेळाडू दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. खरा धोका असतो तो बरं होण्याआधीच दुसरा मार बसण्याचा. विशेषतः किशोरवयीन मुलांमध्ये अशा दुसऱ्या धडकेने मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जाऊ शकतो. प्रकार दुर्मिळ, पण टाळता येण्यासारखा. कन्कशनच्या नियमांचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, मुळात जन्मली तीच फुटबॉलमधल्या मृत्यूंमुळे. १९०५च्या हंगामात इतकी मुलं मेली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावं लागलं, आणि त्यानंतरच्या हालचालींतून ही संघटना उभी राहिली. तरीही प्रत्येक सदस्य कॉलेजाकडे कन्कशनची लेखी योजना असलीच पाहिजे, हा नियम यायला २०१० उजाडलं. लक्षणं दिसली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय पुढेही नाही. मुलांनीही दुखापत लपवणार नाही अशी सही करायची. परतीचा रस्ता सहा पायऱ्यांचा: रोजची हलकी हालचाल, मग हलका व्यायाम, मग एकट्याने खेळातला सराव, मग धडकेविना संघासोबत सराव, मग पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि लक्षणं वाढली की एक पायरी मागे. पुस्तक आणि लॅपटॉपकडे परतणंही असंच टप्प्याटप्प्याने करायचं असतं. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना हे सहसा कोणी सांगत नाही.

कागदावर योजना असणं आणि मैदानावर ती चालणं यातलं अंतर २०१४च्या २७ सप्टेंबरला सगळ्या देशाने पाहिलं. मिशिगन विरुद्ध मिनेसोटा. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, शेन मॉरिस आधीच लंगडत होता. चेंडू फेकल्या-फेकल्या समोरच्या खेळाडूचं हेल्मेट त्याच्या हनुवटीखाली बसलं. तो उठला, दोन पावलं टाकली आणि कलंडला, शेजारच्या सहकाऱ्याने त्याला खांद्याने धरलं. टीव्हीसमोर बसलेल्या माणसालाही कळत होतं की हा पोरगा भानावर नाही. तरी पुढचा डाव (चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा एक तुकडा) तोच खेळला. मग त्याला बाहेर घेतलं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या क्वार्टरबॅकचं हेल्मेट निघाल्यामुळे त्याला नियमाप्रमाणे एक डाव बाहेर बसावं लागलं, तेव्हा मॉरिसला पुन्हा आत पाठवलं. आपण ते पाहिलं नाही, असं कोच म्हणाले. कन्कशन झालं असण्याची शक्यता आहे, हे विद्यापीठाने मान्य केलं ते दोन दिवसांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर. लाखभर प्रेक्षकांच्या मैदानात त्या मुलाकडे पाहण्याचं काम नेमकं कोणाचं, हेच ठरलेलं नव्हतं. पुढच्या हंगामापासून बिग टेन परिषदेने, म्हणजे हे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या विद्यापीठांच्या गटाने, रिप्ले बघण्याच्या खोलीत दुखापती ओळखणारा एक स्वतंत्र ट्रेनर बसवला, ज्याला थेट पंचांशी बोलून खेळ थांबवता येतो. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते, कारण ती कोचच्या नजरेवर आणि मुलाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नाही. आपल्या जागेसाठी, शिष्यवृत्तीसाठी जीव टाकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःहून 'मला काढा' म्हणावं, ही अपेक्षाच क्रूर आहे.

आता सीटीई. पूर्ण नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी. ही एका क्षणाची इजा नाही, वर्षानुवर्षं वाढत जाणारा मेंदूचा आजार आहे. टाऊ नावाचं प्रथिन एरवी चेतापेशीच्या आतला सांगाडा सांभाळतं. या आजारात ते सुटतं, गुठळ्या करतं, आणि मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं. हीच त्याची खूण. आणि ती आज तरी मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच पक्की होते. जिवंत माणसाला 'तुला सीटीई आहे' असं खात्रीने सांगणारी चाचणी नाही. १९२८मध्ये हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांमध्ये अशी अवस्था नोंदवली होती. फुटबॉलच्या बाबतीत मात्र ती नजरेत भरली २००२मध्ये, डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाच्या माइक वेब्स्टरचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला तेव्हा.

या दोन गोष्टी एक नाहीत हे ज्याच्या उदाहरणाने मनावर ठसतं, तो ओवेन थॉमस. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा खेळाडू, संघाने नुकताच कर्णधार म्हणून निवडलेला. एप्रिल २०१०मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. बोस्टन विद्यापीठात त्याचा मेंदू तपासला तेव्हा सीटीईची सुरुवात झालेली आढळली. त्याच्या मृत्यूचं कारण सीटीईच होतं, असं यावरून म्हणता येत नाही. पण त्याला कन्कशन झाल्याचं निदान आयुष्यात कधीच झालेलं नव्हतं. म्हणजे त्याच वर्षी आलेला एनसीएएचा कन्कशन-योजनेचा नियम आधीपासून लागू असता आणि काटेकोर पाळला असता, तरी त्याच्यासाठी एकदाही वापरला गेला नसता.

मग टाऊ साचलं कशाने? छोट्या धडकांनी. फुटबॉलमध्ये चेंडू सुटला की आघाडीच्या रांगेतले खेळाडू एकमेकांवर डोकं-खांदा आदळतात, डाव सुरू झाला की प्रत्येक वेळी. ना चक्कर, ना डोकेदुखी, काही लक्षण नाही. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने चर पडतो, पण तो कोणत्या दिवशी पडला हे कोणालाच दाखवता येत नाही. तसंच हे आहे.

बोस्टन विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने २०१७मध्ये २०२ फुटबॉलपटूंच्या मेंदूंचे निष्कर्ष मांडले. कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांत सीटीई होता, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १११पैकी ११० जणांत. हे आकडे नेहमी अर्धेच सांगितले जातात. मेंदू दान करणारी कुटुंबं बहुधा त्रास पाहिलेलीच असतात, त्यामुळे कॉलेजात खेळणाऱ्या दहातल्या नऊ मुलांना सीटीई होतो असा अर्थ काढणं चूक आहे. जास्त बोलका वाटतो तो २०२३चा अभ्यास. ६३१ खेळाडूंच्या बाबतीत सीटीईशी नातं दिसलं ते आयुष्यभरात डोक्याला बसलेल्या एकूण धक्क्यांच्या जोराशी. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येशी दिसलं नाही.

म्हणूनच एखाद्या मुलाला एक-दोनदा कन्कशन झालं की घरचे सीटीईच्या भीतीने खचतात, ती भीती त्या प्रसंगापुरती अनाठायी आहे. आणि 'माझ्या मुलाला कधीच कन्कशन झालं नाही' हा निर्धास्तपणाही तितकाच पोकळ आहे. आणखी एक: जे माजी खेळाडू उदास असतात, विसरायला लागतात, ते स्वतःच सीटीईचा शिक्का मारून घेतात आणि उपचारच सोडून देतात. नैराश्य, झोपेचे विकार, जुनी डोकेदुखी यांवर उपाय आहेत. खात्री न करता येणाऱ्या आजाराच्या नावाखाली बऱ्या होणाऱ्या गोष्टी सोडून देणं फार वाईट.

आता धोरणांकडे पाहिलं की कोणता नियम कशासाठी आहे ते वेगळं काढता येतं. डोक्याला लक्ष्य करून धडकणाऱ्याला २०१३पासून थेट मैदानाबाहेर काढतात, तो नियम मुख्यतः कन्कशनसाठी. किक-ऑफच्या, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याच्या, वेळी दोन्हीकडून पूर्ण वेगाने पळत येणारे खेळाडू धडकतात, म्हणून आयव्ही लीगने (आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या लीगने) २०१६मध्ये किकची रेषा ३५ यार्डांवरून ४०वर नेली. किक मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात जाऊ लागल्या, तिथून चेंडू घेऊन पळावंच लागत नाही, त्यामुळे पळापळ घटली, आणि किक-ऑफमधली कन्कशन दर हजार डावांमागे जवळपास ११ होती ती २वर आली. पाच यार्डांनी एवढं काम केलं! पण सामन्यात किक-ऑफ मोजक्याच, त्यामुळे एकूण धडकांच्या बेरजेत याने फारसा फरक पडत नाही.

बेरीज कमी करायची तर हात घालावा लागतो सरावाला. २०१५ ते २०१९ या पाच हंगामांत सहा मोठ्या संघांच्या ६५८ खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये संवेदक बसवून मोजमाप झालं. सुमारे दोन तृतीयांश धडका सरावात बसलेल्या निघाल्या, आणि ७२ टक्के कन्कशनही सरावातलीच. सामन्यात धोका पत्करला तर निदान काही पणाला लागलेलं असतं. मंगळवारच्या सरावात आपल्याच सहकाऱ्याच्या डोक्यावर डोकं आपटून काय मिळतं?

आयव्ही लीगमधल्याच डार्टमथचे कोच बडी टीव्हन्स यांनी हा प्रश्न २०१०मध्येच विचारला आणि सरावात खेळाडूने खेळाडूला पाडणं बंद करून टाकलं. मुलं बाहुल्यांना पाडायला शिकली, पुढे विद्यापीठाच्या अभियंत्यांनी रिमोटवर पळणारी बाहुली बनवली. लोक म्हणाले, पोरं मऊ पडतील, टॅकल विसरतील. २०१५मध्ये याच संघाने आयव्ही लीगचं विजेतेपद वाटून घेतलं, आणि पुढच्या वर्षी सगळ्या लीगने हंगामातल्या सरावात पाडापाडीला बंदी घातली. एनसीएएने २०१७मध्ये दिवसातून दोनदा धडकेचा सराव थांबवला, आणि २०२१मध्ये हंगामपूर्व शिबिरात पूर्ण पॅड चढवून करायचे सराव नऊवर आणले, दोन खेळाडूंना समोरासमोर उभं करून धडकवण्याचे जुने प्रकार बंद केले. माझ्या मते कॉलेज फुटबॉलमध्ये सीटीईविरुद्ध खऱ्या अर्थाने काही झालं असेल तर ते हेच, आणि अजूनही ते कमीच आहे.

न्यायालयांतही हाच गुंता आहे. एनसीएएविरुद्धच्या दाव्यात २०१९मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत माजी खेळाडूंच्या तपासणीसाठी ७ कोटी डॉलर ठेवले गेले, नुकसानभरपाई म्हणून नव्हे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दिवंगत खेळाडू मॅथ्यू गी यांच्या पत्नीने एनसीएएविरुद्ध चालवलेला खटला २०२२मध्ये ज्यूरीने फेटाळला. कन्कशनला तारीख असते, व्हिडिओ असतो, साक्षीदार असतात. वीस-तीस वर्षांत साचलेल्या आजाराचा दोष एका हंगामावर, एका संघटनेवर सिद्ध करणं महाकठीण.

अमेरिकेत वाढणारी मराठी मुलंही हा खेळ निवडू शकतात, त्यांच्या घरच्यांसाठी एवढं. कॉलेज बघायला जाल तेव्हा 'कन्कशन प्रोटोकॉल आहे का' असं विचारू नका, तो सगळ्यांकडे असतो. विचारा की हंगामात आठवड्यातून किती दिवस पूर्ण पॅड घालून सराव होतो, त्यातली किती मिनिटं खरोखर पाडापाडीची असतात, धडका मोजण्याची काही सोय आहे का, आणि खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार असलेला डॉक्टर कोणाला जबाबदार आहे, कोचला की वैद्यकीय विभागाला. ज्यांनी आकडे ठेवले आहेत ते लगेच सांगतील.